एका बटणात आठ सोयी

वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या काठावर आमच्या पाणी सोसायटीची सामायिक मोटर होती. तिचा मेन स्विच दोन वर्षं मोडलेला, वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या. तो बदला म्हणून मी तीन अर्ज दिले. चौथ्यांदा अर्ज नाही, पत्रकच काढलं, शिरूरला छापून घरोघर वाटलं. वार्षिक सभेत अध्यक्षांनी काय दिलं? बॅटऱ्या! प्रत्येक सभासदाला एक. चार्जिंगची, एलईडीची, दांड्यावर अध्यक्षांचा हसरा फोटो चिकटवलेली.

"एका बटणात आठ सोयी हायती!" अध्यक्ष माईकवरून गरजले. मंद उजेड, लुकलुक, लाल दिवा, सायरन, रेडिओ. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो, कारण त्यात आमच्या आप्पांच्याही होत्या. आप्पा म्हणजे माझे वडील. स्टार्टरच्या बटणानं मोटर चालू-बंद करायचं काम त्यांच्याकडं.

नदीतल्या पाइपाच्या तोंडाशी फूटव्हॉल्व्ह, त्याच्या जाळीतून मोटर पाणी ओढते; त्या जाळीला शेवाळ बसलं की मामा नदीत उतरायचे. मामा म्हणजे मोटारी भरणारे, जळाल्या की आतली तार नव्यानं गुंडाळणारे मिस्त्री. मुसलमान आळीतले, पण अख्ख्या गावाचे मामा. स्विच मोडका, त्यामुळं लोडशेडिंगची वेळ बघूनच ते पाण्यात जायचे. आप्पा वर दरडीवर शेडमध्ये, मामा खाली छातीभर पाण्यात, मध्ये बाभळी. पलीकडच्या काठावर डिझेल इंजिनाची फटफट, हाक पोचायची नाही. म्हणून काठावरच्या माणसानं बॅटरीनं सांगायचं. एकच लांब उजेड म्हणजे चालू करा. दोन टिचक्या म्हणजे थांबा, माणूस पाण्यात हाय. जुन्या दोन सेलच्या पत्र्याच्या बॅटरीचं लाल बटण दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. त्यात चुकायला जागाच नव्हती.

त्या दिवशी काठावर मी होतो. हातात सोसायटीची नवी बॅटरी. सभेनंतरच्या दुसऱ्या पत्रकात तिला शिव्या घातल्या होत्या, पण जुनीतले सेल संपलेले म्हणून हीच उचलली. दिवस मावळला होता. मामांचे दोन्ही हात पाण्याखाली जाळीत. एवढ्यात शेडमधला बल्ब पेटला. लाईट वेळेआधी आली होती.

मी सवयीनं दोन टिचक्या दिल्या. पहिलीला दिवा लागला तो लागलाच. दुसरीला विझायचं सोडून नुसता मंद झाला. वरून आप्पांना दिसला एकच लांब उजेड.

मोटर घुमली. मामा ओरडले, "आरं बंद कर! हात ओढतंय!"

मी बटण दाबत सुटलो. लुकलुक झाली. लाल दिवा झाला. मग सायरन बोंबलायला लागला. अंधार तेवढा मिळेना! माणूस पाण्यात अडकलाय आणि माझ्या हातात हा तमाशा. बॅटरी टाकून मी दरड चढायला लागलो, तोच मोटर थांबली. आप्पा धावत खाली आले.

"मला वाटलं कुणा पुढाऱ्याची गाडी आली," धापा टाकत ते म्हणाले. "नदीत कुठली गाडी, म्हणून बंद केली."

मामांच्या उजव्या हाताची चार बोटं सोलून निघाली होती. करंट उतरला नाही, हे आमचं नशीब. सोसायटीचा त्यात काडीचा वाटा नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आमच्या घरी आले. मामाही बसलेले, आणि काठावरून उचलून आणलेली ती बॅटरी समोरच होती. म्हणाले, "वापरायचं शिकून घ्यायला पायजे. आजकालची पोरं तुम्ही!"

मी तोंड उघडायच्या आत मामांनी पट्टी बांधलेला हात पुढं केला. "अध्यक्ष, आठ सोयी हायत ना? मग हिच्यातली बंद करायची सोय कंची, तेवढी दावा." त्यांनी बॅटरी पुढं सरकवली.

अध्यक्षांनी बटण दाबलं. रेडिओ लागला. पुन्हा दाबलं, सायरन झाला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ती बॅटरी अध्यक्षांच्या हातातून काढून घेतली, फोटोसकट पेटीत टाकली आणि झाकण लावलं. आत ती बोंबलतच होती.

मेन स्विच पुढं महिन्याभरानं बसला, तोही मोर्चा नेल्यावर. जाळी मात्र आठवड्यातच पुन्हा तुंबली. मामा काठावर आले, शर्ट काढायच्या आधी त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. मी जुनी बॅटरी दिली, नवे सेल घालून आणलेली. सोललेल्या बोटांनी त्यांनी लाल बटण दोनदा दाबलं, दोनदा सोडलं. दोन्ही वेळा अंधार झालेला नीट बघितला.

"व्हय, ही ऐकती," म्हणाले, ती माझ्या हातात परत दिली आणि पाण्यात उतरले.