बाळाआधीचं टोपरं

आईच्या मांडीवर पांढऱ्या मलमलीचं टोपरं होतं, मुठीएवढं, आणि तिच्या बोटांना तांदळाच्या पिठाचा वास येत होता... कर्जतच्या आमच्या परसात मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पसरलेलं, झोडपलेल्या भाताचा पेंढा रचलेला, आणि घाट चढायला निघालेल्या इंजिनाचा धूर त्या पेंढ्याच्या गोडसर गंधात मिसळून ओसरीपर्यंत येत असे. बाळ मात्र अजून यायचं होतं.

अप्पा, माझे वडील, इंग्रजी शाळेत मास्तर. मुलीला इंग्रजी शिकवतात म्हणून आळीत नावं ठेवत; अप्पा कुणाला भीक घालत नसत. तेव्हा धडा चालला होता ‘मेक’ या क्रियापदाचा. भाकरी केली, मेक. खुर्ची केली, मेक. मैत्री जोडली, तरी मेकच! मला रागच येई. आमच्याकडे दोरी वळायची, घर बांधायचं, मडकं घडवायचं, गोधडी शिवायची... आणि या साहेबाला सगळ्याला मिळून एकच शब्द? अप्पा रंगून सांगत, की कुणा पंडिताच्या मते त्या शब्दाचं मूळ फार प्राचीन, माती नाहीतर पीठ मळण्यातलं. परातीतून मान वर न करता आई म्हणाली, “अगं बाई! एवढं कळायला समुद्र ओलांडावा लागला होय त्यांना?” अप्पा खो खो हसले.

आईला आठवा महिना होता. माझ्या पाठची दोन बाळं गेलेली. हे तरी राहावं, याखेरीज तिला काही नको होतं. आमच्याकडे बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाहीत — जुन्या लुगड्याची मऊ दुपटी तेवढी घडी करून ठेवतात. अप्पांना तो खुळचटपणा वाटे. “धड्याला उदाहरण हवंय,” ते म्हणाले. “तू टोपरं शिव, ही इंग्रजीत वाक्य करील.”

“नको हो. बाळ येऊ दे, मग हवी तेवढी शिवीन.”

“शिकलेल्या घरात हे चालायचं नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग सुई ओवली. माझं वाक्य बरोबर आलं. अप्पांनी पाठ थोपटली.

पौषात मुलगा झाला. तो रडलाच नाही. जुन्या दुपट्यात गुंडाळून अप्पा त्याला नदीकडे घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. घरात शेपा-ओव्याच्या धुरीचा वास तसाच कोंडलेला... मला रडू आलं नाही. खरं सांगते, काहीच आलं नाही. थंडीत हात फार वेळ पाण्यात राहिला की होतो, तसं सगळं अंग झालं होतं. टोपऱ्याने बाळ जात नाही, हे मला आज कळतं. आईला तेव्हा काय वाटत होतं, कोण जाणे.

कडावहून आलेल्या सुइणीला खुंटीवरचं टोपरं दिसलं. “आदीच शिवलं व्हतं? कोनी सांगितलं गं, बाय, तुला?”

अप्पा उंबऱ्यातच उभे होते. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “कुणी नाही. मलाच हौस आली.”

अप्पांचे ओठ हलले. पण ते वळले आणि ओसरीवर जाऊन बसले.

मग आळीभर झालं, आईच्या माहेरी गेलं — हिची हौस नडली. हळदीकुंकवाला बायका तिला टाळू लागल्या. पुन्हा मूल झालं नाही. अप्पांनी एक वाक्य बोलायचं होतं, कुठल्याही भाषेत. मला त्यांचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

पुष्कळ वर्षांनी आई गेली, तेव्हा तिच्या माहेरची एक म्हातारी सुस्कारा टाकून म्हणाली, “बिचारी... हौसेपायी मूल घालवलंन हिने.” अप्पा आईच्या पायाशी बसले होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तेव्हाही ते काही बोलले नाहीत.