धुऱ्याकडच्या दोन ओळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही. सुखदेवला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं होतं ते त्यालाच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचं शेत आमच्या शेताला लागून नाही.

आधी एक माहीत असू द्या. मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात बातम्या लिहितो. दोन्ही बाजूंना विचारल्याशिवाय ओळ छापायची नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तुंबलेल्या गटाराची बातमी असली तरी मी गटाराच्या दोन्ही काठांवरच्या घरांना विचारून येतो. मग हे कसं झालं? — तिथं येतो. जरा थांबा.

आमचं शेत मेहकरहून हिवरा आश्रमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेती दादा आणि वहिनी करतात. मी मेहकरात राहतो. सुट्टीला शेतात जातो आणि मत देतो. त्या वर्षी टोमॅटो लावला होता. टोमॅटोच्या झाडाला स्वतःचा भार पेलत नाही. म्हणून बांबू रोवून वर तार ताणतात, तारेवरून सुतळी खाली सोडतात, ती झाडाच्या बुडाशी बांधतात आणि झाड वाढेल तसं तिच्याभोवती गुंडाळत वर नेतात. बुडाशी जो फास द्यायचा, तो ढिला द्यायचा. खोड पुढे जाड होतं ना. हे वहिनीने मला समोर बसून, करून दाखवलं होतं.

"भाऊजी, अंदर बोट फिरलं पाह्यजे. फिरते काय पाहा."

मी पाहिलं. फिरत होतं. वहिनीच्या फासात.

आता माझ्या गाठीबद्दल सांगणं भाग आहे. वर्तमानपत्रात मी आलो तो लिहायला नव्हे, बांधायला. पहाटे स्टँडवर अंकांचे गठ्ठे बांधून खेड्यांकडच्या एसटीत टाकायचो. त्या गठ्ठ्यांची एक गाठ असते — जितका हिसका बसेल तितकी आवळणारी. कंडक्टरने चालत्या बसमधून फेकला तरी गठ्ठा फुटत नाही. माझ्या लिहिण्याचं कौतुक फारसं कोणी केलेलं मला आठवत नाही. गाठीचं मात्र सगळ्यांनी केलं.

ओळखलंत ना?

दादाने मला धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, दोन ओळी दिल्या. तिथं बाभळीची सावली होती, आणि मी सावलीतलाच माणूस. धुऱ्याच्या पलीकडे सुखदेवचा मका. मी उकिडवा बसलो आणि हात आपोआप चालू लागले. वहिनीच्या आधी मी उठलो. "पेपरवाल्याले जमलं बे!" दादा म्हणाला. मला ते फार आवडलं — आवडलं, हेही लिहून ठेवतो.

काही आठवड्यांनी त्या दोन ओळी पिवळ्या पडल्या. फक्त त्या दोन. शेंड्यांनी माना टाकल्या. बाकीचा प्लॉट हिरवागार. नेमकं त्याच सुमारास सुखदेवने मक्यात तणनाशक फवारलं होतं. त्या औषधाचा नुसता वारा लागला तरी टोमॅटो जातो, हे आमच्याकडे कोणालाही ठाऊक. फवारणी धुऱ्यापलीकडे, नुकसान धुऱ्याला लागून. प्रकरण इतकं चोख होतं की मीही ते मानलं. संध्याकाळपर्यंत मानलं.

संध्याकाळी एका झाडाच्या बुडाशी वाकलो. सुतळी खोडात रुतली होती. तिच्या वर खोड फुगलेलं, खाली काडीएवढं. गाठ कोणाची, हे विचारायला दुसऱ्या बाजूकडे जायची गरज नव्हती.

दादा विहिरीवर होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी काय केलं? खिशातलं पेन्सिलीचं ब्लेड काढलं आणि एकेक फास कापला. सगळे कापले. सुतळीचे तुकडे खिशात भरले आणि मेहकरला चहाच्या टपरीमागच्या कचऱ्यात टाकले. गाठ मारली ती चूक म्हणता येईल. ही चूक नव्हती — हे काम होतं, आणि मी ते नीट केलं.

दुसऱ्या दिवशी दादा धुऱ्यावर जाऊन सुखदेववर ओरडला. "हवा पाहून फवारता येत नाही काय बे? दोन ओळी जाळल्या पुऱ्या!"

"हवा तं तिकडं होती दादा, नाल्याकडं. मी पाह्यलं न."

"मंग ह्या काऊन जळल्या?"

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी पेपरवाले. तुमीच सांगा, असं होऊ शकते काय?"

मी म्हणालो, "वारा मधेच फिरू शकतो."

हे वाक्य तपासून पाहा. त्यात खोटं काहीही नाही. वारा फिरू शकतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत यापेक्षा निर्दोष वाक्य मी लिहिलेलं नाही.

"असंन बा," सुखदेव म्हणाला. "फिरला असंन."

तेव्हापासून गाव त्याला वाऱ्या म्हणतं. पंगतीत कोणीतरी ओरडतं, "ए वाऱ्या, त्या कोपऱ्यात बस, तुह्यानं वरण उडते!" तो हसतो. पण पूर्वी अर्धं गाव फवारणीला त्यालाच बोलवायचं — हात हलका, नजर बारीक. त्यानंतर कोणी त्याच्या हाती पंप दिला नाही. आता तो फक्त स्वतःच्या शेतात फवारतो, तेही शेजाऱ्यांना आधी सांगून.

आणि दर हंगामात तो स्वतःच्या धुऱ्याला टोमॅटोची थोडी झाडं लावतो. फक्त आमच्यासाठी. पहिला तोडा टोपलीत भरून आणतो. "भरपाई नोका म्हणू भाऊ, भाजी म्हणा." टोमॅटोला वहिनी अजून भेदरं म्हणते, त्या भेदरांची ती चटणी करते. चटणी उत्तम होते. मी भाकरी आणखी एक मागतो.

यंदा त्याने धुऱ्यावर एक उंच बांबू रोवला. टोकाला सुतळी बांधायची, ती हलेल तशी हवा कळेल, ही त्याची युक्ती. मला शेतात आलेलं पाहून त्याने हाक मारली. "भाऊ, तुमीच बांधा. माही गाठ सुटते. तुमची पेपरची गाठ लय पक्की, दादा सांगत होता."

मी बांधली. पक्की बांधली.

हवा अजिबात नव्हती. सुतळी सरळ खाली लोंबत होती. तरी सुखदेव पंप पाठीवर घेऊन उभाच राहिला, मान वर करून, बराच वेळ. मीही त्याच्या शेजारी उभा होतो. शेवटी त्याने विचारलं, "काय म्हनता भाऊ, मारू औषध?"

"मार," मी म्हणालो.