जलपरीचा तंबू

अड्याळच्या बाजारात एक मावशी मासोळ्या विकायची. पाटीत अंड्यांनी भरलेली मासोळी निघाली, की ती पकडून आणणाऱ्या नवऱ्याला गिऱ्हाइकांसमोरच झापायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी बाजारात ‘समुद्रातली जलपरी’ दाखवणारा तंबू आला. मी मावशीमागोमाग आत शिरलो. पेटीत भुसा भरलेली समुद्रगाय होती, पिलाला दूध पाजणारा समुद्रातला प्राणी.

मावशी वाकून बघत तंबूवाल्यावर ओरडली, “परी कायची? थानं दिसून नाही राहिले काय? लेकराच्या मायले मारलं तुनं?”

“मेलेलीच सापडली, बाई.”

“माहा नवराबी असाच सांगते!”

मग ती तंबूच्या दारातच बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवू लागली. दुपारी तंबूवाल्यानं वैतागून खुंटे उपटले. पेटी उचलायला मावशीनंच हात लावला.

“हळू धर रे,” ती त्याच्यावर खेकसली, “बाळंतीण हाय ते.”