बाया येऊन गेल्यात

घोडेगावच्या अलीकडे कालव्याकडेला जी वस्ती आहे, तिथं पोराच्या अंगावर पुरळ उठलं की डॉक्टरच्या आधी रतनबाईला निरोप जायचा. निरोपही काय, तर नुसतं "जरा घराकडं येऊन जा" एवढाच. दुखण्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं बाया म्हणायचं, तशी रीतच आहे. मग रतनबाई पदर खोचून यायची, पोराला दाराशी उजेडात आणून उघडं करायची, पोट बघायची, पाठ बघायची, कानामागं बोट फिरवायची आणि सांगायची, बाया आल्यात, घाबरायचं काम न्हाई.

एवढं बोलली की घरातल्या माणसांचा जीव भांड्यात पडायचा. पुढचं सगळं ठरलेलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही की तळण नाही, बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. पोराची नखं मुळापासून कापायची, अंगावर जुनं सैल सुती कापड घालायचं, ताक, पेज, पाणी जेवढं पिईल तेवढं द्यायचं. शेवटी लिंबाच्या पाण्यानं अंघोळ, दहीभाताचा नैवेद्य आणि बायांची बोळवण. पोर गुंगीत गेलं, धाप टाकायला लागलं किंवा पाणीही घेईना झालं, तर मात्र ती स्वतः आई-बापाला गाडीवर बसवून द्यायची. फक्त जाताना बजावायची, की डॉक्टरला बायांचं सांगू नका, ताप हाय म्हना. डॉक्टरला डोळे असतात हे तिच्या गावी नव्हतं, असं नाही; पण रीत ती रीत.

बोळवणीच्या दिवशी ती पोराच्या आईला हटकून एक वाक्य सांगायची, "हिला येऊन गेल्यात, आता उभ्या जन्मात येनार न्हाईत." आया ते वाक्य जपून ठेवायच्या. लेकीचं लग्न ठरवताना सांगायच्या, पाळणाघरात सांगायच्या, शाळेत बाईंनी विचारलं तरी सांगायच्या.

हा मान तिला कुठून मिळाला, तर लेकीमुळे. निकिता चार वर्षांची असताना सोनईच्या एका लग्नातून तापानं फणफणत परत आली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडापासून पायापर्यंत लाल झाली. तिची आजी तर हाय खाऊन बसली होती. रतनबाईनं पोरीला आतल्या खोलीत ठेवलं, रात्रंदिवस जवळून हलली नाही, आणि पोरगी उठली ती नुसती उठली नाही, अंगावर एक वण न उरता उठली. रतनबाईच्या स्वतःच्या नाकावर आणि कपाळावर लहानपणच्या खड्ड्यांची रांग आहे. त्यामुळे बायका निकिताचे गोरे, नितळ गाल बघायच्या आणि तोंडात बोट घालायच्या. हाताला गुण आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून बोलावणी सुरू झाली. रतनबाईनंही कधी नाही म्हटलं नाही. कोण म्हणेल? नवरा सहादेव गाईम्हशींच्या बाजारात फिरणारा माणूस, शेत दीड एकर, त्यात तिला कुणी विचारावं असं दुसरं काही नव्हतं.

गेल्या फाल्गुनात निकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना सरत आलेला. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, आणि दिवसभर आईच्या मागं मागं. थोरल्या लेकाची, आदिनाथची पाच वर्षांची संस्कृती आत्याला इतकी चिकटली, की रात्री तिच्याच कुशीत झोपायला लागली. आठवडाभर असं चाललं. मग एका सकाळी पूजा, म्हणजे संस्कृतीची आई, पोरीची वेणी घालता घालता थांबली आणि सासूला हाक मारून म्हणाली, की मानेवर पाण्याचे दोन फोड दिसतात.

रतनबाईनं बघितलं. दुपारपर्यंत पोटावर दहा-बारा झाले. काही लाल टिपके, काही पाणी भरलेले, एकाच वेळी नवे आणि जुने. रतनबाईला हसूच आलं, इतकी ओळखीची खूण. डहाळा लावला, कढई उचलून ठेवली. निकितानं विचारलं, मी इथं राहू का नको? आईनं तिला सरळ वेड्यात काढलं. तुला येऊन गेल्यात, तुला कशाची भीती, असं म्हणून तिच्याच हातात कात्री दिली आणि भाचीची नखं कापायला बसवलं.

तिसऱ्या दिवशी वस्तीवरची आशा सेविका जया निकिताची तपासणी लिहायला आली. डहाळा बघून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. रीत पाळली म्हणून रतनबाईला बरं वाटलं. पण जया रीत पाळत नव्हती, ती दाराच्या आत बसलेल्या निकिताकडं बघत होती. आधी तिनं पोरीचं विचारलं. ताप थोडा आहे, खेळते आहे, खाते आहे, म्हटल्यावर म्हणाली, पोरीची काळजी करू नका, या वयात कांजिण्या येतात नि जातात. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, दुसरी गोळी मनानं देऊ नका, आणि फोड खाजवून पिकू देऊ नका. रतनबाई मान हलवत राहिली, की हे आपण वीस वर्षं सांगतोच आहोत. मग जयानं विचारलं, निकिताला येऊन गेल्यात का?

"गेल्यात की. चार वर्सांची हुती तवाच."

"काय आलं हुतं पन? गोवर का कांजिण्या?"

"बाया."

"बाया दोघींनाबी म्हनत्यात, काकू. दोन्ही वेगळ्या. एक येऊन गेली तरी दुसरी येती."

रतनबाईला राग आला. काल नर्सिंगच्या दोन चोपड्या वाचलेली पोरगी आपल्याला बाया शिकवते, असं तिला वाटलं आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं.  जयानं वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना एवढंच सांगितलं, की बाळंतपणाच्या आगेमागे आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर नवं बाळ ते सोसत नाही. पोरांना जे हसत खेळत जातं, ते तान्ह्याच्या जिवावर बेततं. कांजिण्या येऊन गेल्यात का नाही, ते नगरला रक्त तपासून कळतं, आणि नसल्या तर सुईही आहे, पण ती दहा दिवसांच्या आत द्यावी लागते.

रतनबाईनं मनात तिच्या सात पिढ्या काढल्या आणि ती संस्कृतीचं अंग पुसायला बसली. ओलं फडकं फिरवायचं म्हणजे एकेक फोड चुकवावा लागतो. कुठं पाणी, कुठं खपली. दोन फोड पोरीनं खाजवून फोडले होते, आता तिथं वण राहणार, असं ती पूजाला सांगत होती, तेवढ्यात निकिताचं दुखणं तिच्या डोळ्यांपुढं आलं.

निकिताला असं पुसलेलं तिला आठवेना. तिला आठवत होता खोकला. पोरगी रात्रभर खोकत होती, नाक गळत होतं, डोळे लालभडक झाले होते, आणि उजेड सोसत नाही म्हणून खिडकीला घोंगडी लावली होती. अंगावर पुरळ होतं, ते रवा सांडल्यासारखं बारीक आणि कोरडं. पाणी नव्हतं. एकाही फोडात पाणी नव्हतं, कारण फोडच नव्हते. तो गोवर होता. आणि वण राहिला नाही तो रतनबाईच्या हाताला गुण होता म्हणून नाही. गोवरानं वण राहतच नाहीत.

तिनं फडकं बाजूला ठेवलं.   वीस वर्षं ज्या नितळ गालांच्या जोरावर ती घरोघरी बसली-उठली, ते गालच सांगत होते की लेकीला कांजिण्या आलेल्याच नाहीत. पोटुशी लेक. आणि आठ रात्री पोर तिच्या कुशीत झोपलेली.

तिनं मग वेळ घालवला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. तासाभरात जयाला फोन झाला, आणि आदिनाथनं शेजारच्याची गाडी आणली. दाराला डहाळा असताना घरातली माणसं वेशीबाहेर निघाली, हे वस्तीनं पहिल्यांदा पाहिलं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, निकिताच्या अंगात कांजिण्यांविरुद्ध काहीच नव्हतं. सुई दिली. बाई म्हणाल्या, वेळेत आलात, पण हमी कुणी देत नाही. चार आठवडे नजर ठेवा, एक फोड दिसला तरी या, आणि त्या पोरीच्या घरी हिला परत नेऊ नका.

म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. रतनबाईनं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून राहुरीला विहिणीला, पुष्पावतीबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं ती बोललीच नाही.

"विहीनबाई, निकिताला न्या. मला ठेवता यायची न्हाई. घरात कांजिन्या हायत, आन् तिला आल्या न्हाईत. आल्यात म्हनून मी सांगत हुते, ते चुकीचं हुतं."

 पुष्पावतीबाई म्हणाल्या, आणते माझी पोर. चांगलं केलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. वस्तीवर मात्र बभ्रा झाला, की रतनबाईनं जबाबदारी झटकली, लेक परत धाडली. तिनं कुणाचं तोंड धरलं नाही. संस्कृती बरी झाली, खपल्या पडल्या, शाळेत जायला लागली. रतनबाई रोज सकाळी राहुरीला फोन करायची आणि एकच विचारायची, अंगावर काय दिसतंय का? निकिता म्हणायची, न्हाई गं आई. तेवढं ऐकून ती चुलीपुढं बसायची. खरं तर तिला रडायचं असायचं, पण त्याला सवड लागते.

सुई दिल्यापासून तेविसाव्या दिवशी निकिताला मुलगी झाली. अठ्ठाविसावा दिवस गेला तरी आईच्या अंगावर काही उठलं नाही, बाळाच्याही नाही. बारशाला रतनबाई राहुरीला गेली, नात मांडीवर घेतली, विहिणीनं दिलेली साडी घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली. आता सगळं संपलं, असं कुणालाही वाटलं असतं. तिला तसं वाटेना. आपण 'येऊन गेल्यात' असं किती जणींना सांगितलं, ते ती मोजायला गेली आणि मोजता येईनात.

दुसऱ्या दिवशी तिनं जयाकडून वस्तीवरच्या पोटुशा बायकांची नावं विचारून घेतली. जयाला आश्चर्य वाटलं, पण तिनं सांगितली. पहिलंच घर भागवतचं. भागवतची बहीण पाच महिन्यांची गरोदर, माहेरी आलेली, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. रतनबाईनं तिच्या आईला विचारलं, हिला लहानपणी अंगावर आलं होतं, ते पाण्याचे फोड होते का कोरडं पुरळ?

म्हातारी हसली. "असं काय इचारता? तुमीच तर बगायला आल्या हुत्या. येऊन गेल्यात, आता उभ्या जन्मात न्हाई येनार, असं तुमीच म्हनल्या हुत्या."

"व्हय, मीच म्हनले हुते," रतनबाई म्हणाली आणि ओट्यावर टेकली. "मला ठावं नव्हतं, तरी म्हनले हुते. म्हनून आलेय."