दादाचा दांडा

जाड ते मजबूत असं मानणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. माझा थोरला भाऊ गुरुदास याने ही चूक केली, आणि तो तर देवबागच्या होडी बांधणाऱ्या सुताराचा मुलगा.

आमचे बाबा काशीराम, हातात लाकूड तासायचा वाकस धरला की शेजाऱ्यांशीही बोलत नसत. दादाने लाकूड सोडून मुंबईत मोटारींचं काम धरलं, १९५१ साली, ते त्यांच्या मनाला फार लागलं. मी मास्तर झालो, तेही त्यांना पटलं नव्हतं. पण फळा लाकडाचा असतो म्हणून मला माफी होती. दादाला नव्हती. पुढे त्याने तळेऱ्याला गॅरेज काढलं. पहिल्या खंडेनवमीला हौसेने आपला पाना घेऊन घरी आला, तर बाबांनी तो हत्यारांच्या पाटावरून उचलून ओसरीवर ठेवला. "माझ्या हत्यारांत ह्या नको," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दादा सणाला यायचा तो रिकाम्या हाताने.

त्याच्याकडे कुडाळच्या व्यापाऱ्याचा मुलगा रविकांत यायचा. दोन माणसांची जुनी विलायती मोटार घेऊन तो युद्धकाळातल्या एका ओसाड धावपट्टीवर शर्यती खेळे. त्याला वेग हवा होता, म्हणून दादाने इंजिनाची ताकद वाढवली. पण पिस्टनला क्रँकशी जोडणारे मूळचे दांडे त्या ताकदीला वाकू लागले. नवे करायचे तर कशाचे? ओतीव बीड ठिसूळ. अॅल्युमिनियम हलकं, पण लवकर थकणारं. दादाने मुंबईहून उत्तम पोलादाची जाड पट्टी आणवली आणि तिच्यातून चार भक्कम दांडे कापून काढले.

१९६२च्या जानेवारीत त्यांतला एक शर्यतीत मोडला. इंजिनाला भोक पाडून बाहेर आला, तेल मागच्या चाकाखाली गेलं आणि मोटार गरागरा फिरून गवतात थांबली. रविकांतला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तो हसत परत आला. दादाला मात्र हसू येईना. "आणखी एक मोडलो तर तो पोरगो जिवंत येवचो नाय," असं मला म्हणाला, आणि गॅरेज बंद करून मोडका दांडा पिशवीत घेऊन देवबागला आला. धंदाच सोडायचं त्याच्या मनात होतं.

बाबांनी दांडा हातात घेतला. बराच वेळ फिरवून पाहिला.

"सरळ पट्टेतसून कापलंस?"

"होय."

"आणि मोडलो खंय? खांद्याकडे, रुंद होता थंय. होडयेची बरगडी मी कधी सरळ फळयेतसून कापलंय? उंडीची वाकडी फांदी हुडकूक रानभर फिरतंय, ता कित्याक? वळणार शीर तुटली काय लाकूड मेला."

"लोखंडाक शिरा नसतत, बाबा."

"बरा," म्हणून बाबा कामाला लागले.

दादा तळेऱ्याला गेला, पण ते बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. मुंबईच्या कारखान्यात पोलाद आम्लात बुडवून तपासत, ते त्याला आठवलं. त्याने दांडा उभा चिरला, आरशासारखा घासला आणि बॅटरीचं आम्ल गरम करून त्यात ठेवला. शाळेला सुट्टी होती, मी शेजारीच होतो. हळूहळू बारीक रेषा उमटल्या, सरळ, लांबीभर. आणि खांद्याशी, मोडला होता तिथेच, साऱ्या कापलेल्या. दादाने त्या तुटक्या रेषांवरून नख फिरवलं. "सुताराचो झील मी," म्हणाला, "आणि माका ह्या कळू नये?"

मग त्याने लष्करी ट्रकचा जुना ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, मिळवला, चिवट पोलादाचा. लवू लोहाराच्या भट्टीत तो लाल करून, ठोकून ठोकून दांड्याच्या आकाराला आणला, म्हणजे रेषाही वळणाबरोबर वळल्या. सात दांडे वाया गेले. ठोकलेले चार मग त्याने तासून पहिल्यापेक्षा हलके केले, कारण मिनिटाला हजारो हेलपाटे घालणाऱ्या दांड्याला स्वतःचं वजनच मारतं. शेवटी पाणी द्यायला, म्हणजे तापलेला दांडा एकदम बुडवून कडक करायला, लवूने तेल मागितलं. दादाने मला होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल आणायला सांगितलं. मी बाबांकडे डबा मागितला, तर तो मांडीवर घेऊन ते स्वतःच एसटीत बसले. वासाने माणसं शिव्या घालत होती, बाबा खिडकीबाहेर बघत होते. तापलेला एकेक दांडा तेलात जाताना त्यांनी पाहिला. मग संध्याकाळच्या गाडीने परतले.

पुढचा सगळा हिवाळा रविकांत शर्यती खेळला. फेब्रुवारीत दादाने इंजिन उघडलं, चारही दांडे टांगून हातोडीने हलकेच वाजवले. चारही घंटेसारखे खणखणीत, म्हणजे कुठेही तडा नाही. मी ते बाबांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वाकस चालू ठेवला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला दादा नेहमीसारखा आला. बाबांनी पाटावर वाकस, करवत, किंकरे मांडले, फुलं घेतली आणि थांबले.

"तुझो पानो खंय आसा?"

दादाने रिकामे हात पुढे केले. "हाडूक नाय, बाबा."

"मगे हाड जा."

दादा पाना आणायला निघाला. देवबागहून तळेरे म्हणजे होडी, मग दोन गाड्या. आई म्हणाली, स्वयंपाक निवतोय, पोरं उपाशी आहेत, पूजा उरकून घ्या. बाबा पाटासमोरून हलले नाहीत. दुपारभर आम्ही सगळे भुकेले बसून राहिलो, आणि खरं सांगतो, मला एकदाही राग आला नाही.

दिवे लागायच्या वेळी दादा धापा टाकत आला. बाबांनी पाना हातात घेतला, तेलाच्या फडक्याने पुसला, वाकसाशेजारी ठेवला आणि त्याला कुंकू लावलं.

"वाढ गो आता," ते आईला म्हणाले, "झील दमान इलो आसा."