डाव्या बाजूचा ब्रेक

पोलिसातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हटकून खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मीही सांगतो. पण एकटा बसलो की मला आधी आठवते ती मिठागरात नाक खुपसून बसलेली एक जुनी मोटार, आणि तिच्या मागच्या सीटवर डोक्यावरचा पदर सारखा करणारी एक म्हातारी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझी नेमणूक पेणला होती. गुढीपाडवा होता, घरी श्रीखंड-पुरीचा बेत होता आणि हजेरी उरकली की तासाभरासाठी सटकायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पोलिसाने सणाच्या दिवशी असं काही ठरवू नये. ठाण्याच्या दारात एक इसम उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल उडालेला आणि मिशीवर वाळलेलं मीठ.

"साहेब, लिवून घ्या. माझ्या भावानं माझा खून केला."

ठाणे अंमलदाराने उचललेलं पेन परत खाली ठेवलं.

"करायला बघितला," इसमाने दुरुस्ती केली. "ब्रेक बिघडवून गाडी माझ्या हातात दिली. आत आई बसलेली माझी!"

फिर्यादी हा दोन भावांतला धाकटा. रोह्याजवळ वरशाला राहायचा, तिथल्याच धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा. थोरला जित्याजवळच्या खाडीकाठच्या गावात, वडिलांच्या घरी. बाप गेल्यावर शेत, घर, भांडीकुंडी सगळ्याची वाटणी झाली, पण दोन गोष्टी वाटता येईनात. एक आई आणि दुसरी बापाची मोटार. मग आपल्या कोकणात देवळाच्या पूजेची किंवा विहिरीच्या पाण्याची लावतात तशी दोघांनी पाळी लावली. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत थोरल्याकडे, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत धाकट्याकडे. आई गाडीत बसायची आणि गाडीसकट पाळी बदलायची. भावाभावांत बोलणं नव्हतं. एकाने ओट्यावर किल्ली ठेवायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, एवढाच काय तो व्यवहार.

त्या सकाळी धाकट्याने किल्ली उचलली, आईला बसवलं आणि निघाला. बांधावरच्या रस्त्याला म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी तिने डावीकडे मान वळवली आणि ती बांधावरून खाली मिठागरात उतरली. पाणी घोटाभर, म्हणून बचावले. म्हातारीला सरकारी दवाखान्यात तपासलं. एक चप्पल हरवण्यापलीकडे तिला काही झालं नव्हतं.

धाकटा तीनशे सात कलमावर अडून बसला. खुनाचा प्रयत्न. हे कलम लागलं की थोरला सणाच्या दिवशी आत जाणार, लवकर बाहेर येणार नाही आणि पुढे ओट्यावर किल्ली ठेवण्यापुरतंही नातं उरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण फिर्यादीला हाकलूनही देता येत नव्हतं. त्यात आमचे हवालदार गावात चक्कर मारून खबर घेऊन आले.

"साहेब, पक्की खबर हाय. काल सांजचा थोरला पेणच्या मेस्त्रीला घेऊन गाडीखाली होता. पुढचा चाक काढलेला. मिठागरावरच्या दोघांनी डोळ्यांनी बघितला."

वैर होतं, संधी होती, साक्षीदारही मिळाले. कागदावर गुन्हा अगदी चोख बसत होता. थोरल्याला बोलावून घेतलं. पाडव्याचा नवा पांढरा सदरा घालून तो माझ्यासमोर बसला आणि घाबरण्याचं नावही घेईना.

"चाक काढलं होतंत?"

"व्हय."

"ब्रेकला हात लावलात?"

"लावला तर. कॅलिपर नवा करून घेतला."

हा कॅलिपर म्हणजे काय ते मला त्यानेच समजावलं. तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असायचे. ही गाडी बापाने एका बोटीवरच्या कप्तानाकडून घेतलेली, विलायती. तिच्या पुढच्या चाकांमागे लोखंडी तबकड्या होत्या आणि ब्रेक दाबला की तबकडीला दोन्हीकडून चिमटीत पकडणारा जो जबडा, तो कॅलिपर. खाडीच्या खाऱ्या हवेने त्याच्या आतला पिस्टन गंजून जाम होतो.

"खोलला, घासला, आतला रबर बदलला," थोरला खुशीत येऊन सांगत होता. "आता असा धरतो साहेब, की बघत राहाल."

मी चक्रावलो. खून करायला निघालेला माणूस ब्रेकचं कौतुक करत नाही.

"मग आज ब्रेक का लागला नाही?"

"लागला की! माझा लागला. म्हणून तर गाडी डावीकडं गेली."

"तुमचा म्हणजे?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "डावी बाजू माझी, साहेब."

माझा आवाज चढला, एवढंच आठवतं. दोघा भावांना आणि त्या मेस्त्रीला घेऊन मी जागेवर गेलो. मोटार वाहन निरीक्षक सणाच्या सुट्टीवर होते. मिठागरवाला मीठ काळं झालं म्हणून आधीच बोंब मारत उभा होता. ट्रॅक्टर लावून गाडी बांधावर ओढली, पंच उभे केले आणि मी गाडीभोवती एक फेरी मारली. जे पहिल्या नजरेत दिसायला हवं होतं ते तेव्हा कुठे दिसलं. डावीकडे ताजा रंग, नवे टायर, लखलखीत दिवा. उजवीकडे गंज, गुळगुळीत टायर आणि काविळीसारखा पिवळा दिवा. धाकट्याने काहीच केलं नव्हतं असं नाही. त्याच्या सीटला फुलाफुलांचं कव्हर होतं, आरशाला गोंडा होता. गाडीची वाटणी उभी झालेली होती, बॉनेटपासून डिकीपर्यंत.

झालं होतं असं की दुरुस्ती निघाली की प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या पाळीवर ढकलायचा. शेवटी भावकीने बसून तोडगा काढला, डावी बाजू थोरल्याची आणि उजवी धाकट्याची.

"आणि स्टिअरिंग?" मी विचारलं.

"ते सामाईक," दोघे एकदम म्हणाले. त्या दिवसात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

चाकं काढली. डावा कॅलिपर चकाचक. उजवा असा गंजलेला की मेस्त्रीने हातोडी मारली तरी हलेना. मेस्त्री बिचारा लगेच पुढे आला. त्याला वाटत होतं, आता सगळं आपल्यावर शेकतंय.

"मी बोललो होतो साहेब. कॅलिपर जोडीनं करायचा असतो. एक धरतो न् एक नाय धरत, तर गाडी मुंडी फिरवते. थोरलं बोललं, उजवा धाकल्याचा हाय, त्याला सांग. मी रोह्याला फोन केला. धाकलं बोललं, आधी त्याला करू दे, माझा मी बघेन."

मी धाकट्याकडे वळलो. तो मिशीवरचं मीठ खरवडत होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आता हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा फिर्यादीवरच लावावा लागेल." थोरला गालात हसला. त्याच्यावर मी जास्त चिडलो. "हसताय काय? अर्ध्या ब्रेकची गाडी, आणि त्यात स्वतःच्या आईला बसवून दिलीत!"

आम्ही गाडी ओढत ठाण्याच्या आवारात आणली. दवाखान्यातून म्हातारीला तिथेच आणून बसवलं होतं. मी तिचा जबाब घ्यायला बसलो.

"आजी, गाडीत कुठल्या बाजूला बसला होतात?"

"मधी."

"मधे? तिथे सीटखालून गाडीचं ते लोखंडी कुबड वर येतं ना?"

"टोचतं की. दर पाळीला कंबर धरते." तिने पदर सारखा केला. "पण हिकडं बसले तर तो बोलतो, आई त्याच्या बाजूला बसली. तिकडं बसले तर हा बोलतो. म्हणून मधी बसते."

नोकरीत मी बरंच काही लिहून घेतलं होतं, पण हे वाक्य मी तिच्याच शब्दांत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दोन्ही मुलगे दारात उभे राहून ऐकत होते, हे बरं झालं.

"काय लिहू आजी? कोणावर तक्रार आहे?"

"दोघांवर लिव. न् गाडी दोन्हीकडून सरळ झाल्याबिगर मी कुनाच्या घरी येत नाय. हितंच बसते." आणि ती ठाण्याच्या बाकावर मांडी घालून बसली, एका पायात चप्पल ठेवून.

मेस्त्रीने खालमानेने सांगितलं की रबराचा किट जोडीचाच येतो, उरलेला अर्धा त्याच्या कपाटात पडून आहे. तो घेऊन आला. उजवा कॅलिपर उकलायला दुपार गेली. घरी श्रीखंड वाट बघत होतं आणि मी मात्र आवारात उभा राहून गंजलेल्या पिस्टनला पॉलिश पेपर लावताना बघत होतो. कॅलिपर बसला, तेव्हा मेस्त्रीने हात पुसले.

"आता पाइपातली हवा काढायची. एक माणूस पेडलवर, एक चाकाशी. मी वरून तेल ओतत ऱ्हाणार."

हवालदार उत्साहाने पुढे सरसावले. बाकावरून आवाज आला, "तू बस. तुझी कंची बाजू हाय गाडीत?"

हवालदार बसले. धाकटा स्टिअरिंगवर गेला. थोरला नवा सदरा घालून उजव्या चाकाशी, म्हणजे धाकट्याच्या बाजूला, मातीत आडवा झाला. हातात पाना. मग दोघेही मेस्त्रीकडेच बघायला लागले.

"बोलायला लागंल," मेस्त्री चाचरत म्हणाला. "ह्यांनी दाब बोलायचा, त्यांनी दाबायचा. धर बोलला की धरून ठेवायचा. न बोलता नाय होत हे काम."

थोरला नुसताच पाना नटावर बसवत राहिला. मला वाटलं, आता सगळं फिसकटतंय. मग थोरल्याने चाकाकडे तोंड करून म्हटलं, "दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

"सोड."

असं पाच-सहा वेळा झालं. पुढच्या खेपेला हवेचा बुडबुडा फुटला आणि तेलाची पिचकारी थेट पाडव्याच्या सदऱ्यावर उडाली. धाकटा फसकन हसला.

"हसतंस काय, पंप मार!" थोरला ओरडला आणि डोळे चोळायला लागला. धाकटा पेडल सोडून खाली उतरला. "दादा, डोळ्यात गेला काय? थांब, चोळू नको."

म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि लगेच, माझी चप्पल अजून मिठागरात हाय, ती कोण आणणार, म्हणून दोघांनाही झापलं. धाकट्याने मग फिर्याद नोंदवलीच नाही. अपघाताची नोंद करून मी विषय संपवला.

पुढे बदल्या झाल्या, मोठे गुन्हे आले, पण ह्या प्रकरणाने एक सवय लावली. माझ्या बाजूने सगळं ठीक आहे, असं कोणी सांगितलं की मी विचारायचो, मग गाडीत मधे कोण बसलंय? बहुतेक भांडणांत कोणीतरी असतंच, कंबर धरून, गप्प. पोलिसाने त्याचा जबाब आधी घ्यावा.

संध्याकाळी गाडी निघाली. ब्रेक बघायला म्हणून थोरलाही रोह्यापर्यंत निघाला आणि पुढे धाकट्याच्या शेजारी बसला. म्हातारी मागचं दार धरून जरा वेळ उभी राहिली. मग आत शिरली, खिडकीशी टेकून ऐसपैस बसली आणि तिने हात बाहेर काढला. कुठल्या बाजूच्या खिडकीशी, ते दोघांपैकी कोणीही वळून बघितलं नाही.