आमच्याकडे कोणाला काही नाही

धाकटी बहीण डोंबिवली स्टेशनचा जिना चढताना पुन्हा चक्कर येऊन पडली, तेव्हा तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी परत तेच टॉनिक लिहून दिलं. म्हणाले, "अशक्तपणा आहे. लग्न झालं की आपोआप ठीक होईल." माझं डोकंच फिरलं. लग्न म्हणजे काय इंजेक्शन आहे?

मग वागळे इस्टेटमधल्या कंपनीत हाफ डे टाकून मी तिला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवत राहिलो. आई सोबत असायचीच. कोणी म्हणे पित्त, कोणी म्हणे मनाचं आहे. एकाला छातीत आवाज ऐकू आला. त्याने विचारलं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"छे हो, आमच्याकडे कोणाला काही नाही." मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगायची, अगदी त्याच सुरात आई म्हणाली. विषय संपला.

शेवटी ठाण्यातल्या एका हार्टच्या डॉक्टरांनी बहिणीला झोपवून तपासलं, मग उकिडवं बसवून, मग उभं करून. उभी राहिली की आवाज वाढायचा. त्यांनी इको काढायला लावला. रिपोर्ट बघून म्हणाले, "हृदयाचा स्नायू जाड झालाय. जोर पडला की रक्ताची वाट अडते. फार कमी दिसतं हे, पण घराण्यात चालत येतं. कोणी असं गेलं असेल तर हिच्या जिवाला धोका जास्त. नीट आठवून सांगा."

"आमच्याकडे कोणाला..."

"आई, पुरे!" मी ओरडलोच. "मामा कसा गेला?"

"साप चावला त्याला."

"भर कबड्डीच्या मैदानात? कोणी बघितला गं तो साप?"

मामा गेला तेव्हा मावशीचं लग्न ठरत आलेलं, म्हणून घरच्यांनी साप ठरवला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आणि इथे पोरीच्या जिवावर बेतलेलं असताना ही तो साप सांभाळत बसलेली! मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टर चिडले नाहीत. "बाई, आता तुम्ही झोपा टेबलावर."

"मला काय धाड भरलीय?" पुटपुटत आई आडवी झाली. त्यांनी ऐकलं. तिला उभं केलं, पुन्हा ऐकलं. म्हणाले, "तोच आवाज. उभं राहिलं की वाढतो."

आईने बहिणीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माझे वडीलपण नांगर धरलेला असताना असेच गेले. तेव्हाही आम्ही सापच सांगितला."